जुनाच पसरला, की नवा?

प्रश्न : आईला २०१५ साली स्तनाचा कॅन्सर झाला होता. आता खोकल्यासाठी सीटी काढला तर फुप्फुसात २ सेंटिमीटरची गाठ. एकानं "जुनाच पसरलाय" म्हणून सांगून टाकलं. खरं मानायचं का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : ताई, फिल्मवरच्या डागाला नाव देऊ नका, बायोप्सी करा, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासा. त्या तुकड्यावर रंगचाचण्या होतात; पेशींत कोणती प्रथिनं आहेत ते रंग उमटून कळतं. त्यांपैकी टीटीएफ-१ उमटला तर संशय फुप्फुसावर, गाटा-३ उमटला तर बहुधा स्तनावर. क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिन उमटले, तर कार्सिनॉइड, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींचा वेगळ्या जातीचा कॅन्सर, असू शकतो. तो क्वचितच दिसतो, सहसा सावकाश वाढतो; पसरला नसेल तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवर भागतं. आईच्या जुन्या गाठीचा मेणातला ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला तुकडा) लॅबमधून मागवा. लोक नुसती फाइल आणतात, तीही भिजलेली! दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले, की पॅथॉलॉजिस्टचं काम सोपं होतं.