तलावाकाठच्या चर्चच्या शिबिरात रात्री भुताटकी होते म्हणतात. मुलीला पाठवावं का?

पाठवा. तुम्ही लिहिलंय की आधी जाऊन आलेली मुलं सांगतात, रात्री चपला आपोआप हलतात, पत्र्यावर टकटक होते. एवढ्यावरून बारा वर्षांच्या मुलीला घरी ठेवू नका.

मी १९९६च्या मे अखेरीस भंडारदऱ्याला आमच्या मंडळीच्या शिबिराला गेले होते. तेव्हा मी तेरा वर्षांची. तिथलं विल्सन धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पूर्ण झालेलं, त्यामुळे इंजिनियर साहेबाचं भूत पहिल्याच रात्री हजर. मोठी मुलं सांगायची, साहेब अजून पाणी मोजत काठाने फिरतो. आणि खरंच, दिवे मालवले की बाहेर टक, टक, टकटकटक असा आवाज. दगडी फरशीवर गोटी सोडल्यासारखा. बॅटरी मारली तर जमिनीलगत दोन लाल डोळे! आम्ही सगळ्या एकाच सतरंजीवर. सकाळी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "अगं, रातवा बसतो तिथं." रातवा हा रात्री फिरणारा पक्षी. तो जमिनीवर बसतो, डोळे उजेडात लाल चमकतात आणि ओरडतो अगदी तसाच. पलीकडच्या झाडावर लुकलुकणारा साहेबाचा कंदील म्हणजे काजवे. पावसाच्या तोंडावर त्या भागात हिरड्या-बेहड्याची झाडंच्या झाडं एका तालात उजळतात. भूत गेलं, पण ते झाड मला अजून दिसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चपला दारापासून पाण्यापर्यंत एका ओळीत, सगळ्यांचे अंगठे पाण्याकडे. ते मुलांचं काम होतं आणि सुंदर काम होतं. आम्ही रात्री त्यांचे टॉवेल जांभळीवर टांगले. इथपर्यंत सगळा खेळ होता, आणि असा खेळ शिबिरात हवाच.

चौथ्या रात्री मात्र प्रार्थनेच्या हॉलमधली पेटी वाजली. कुलूपबंद, अंधाऱ्या हॉलमधून एकच सूर, लांबलचक. लहान मुली रडायला लागल्या. शिबिरप्रमुखांनी सगळ्यांना उठवून हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं, सैतान फिरतोय, ज्यांनी आपलं जीवन प्रभूला दिलेलं नाही त्यांनी आत्ता पुढे या. तेवीस मुलं उठली. एका ताईने वहीत नावं लिहून घेतली. माझ्या शेजारची मुलगी उठली तेव्हा तिचे दात वाजत होते.

मी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. वडिलांनी शिकवली होती. उंदीर पट्ट्यांवरून पळाला तरी पेटी वाजत नाही, भाता ओढावा लागतो, आणि इतका लांब सूर धरायचा तर ओढतच राहावा लागतो. मी उभी राहून एवढंच विचारलं, "भाता कोण ओढत होतं?" झालं. पेटी येते कुणाला? हिला. मग हे हिनेच केलं. शेवटच्या दिवशीच्या उपासनेला मी दोन महिने बसवलेली गाणी दुसऱ्याने वाजवली आणि मला मागच्या बाकावर बसवलं. घरी आईनेही विचारलं, "खरं सांग, तूच ना?"

अकरा वर्षांनी नाताळच्या जेवणाला माझा सख्खा दादा हसत म्हणाला की त्या रात्री पेटी वाजवणारा तोच होता. शिबिरात तो मदतनीस होता, हॉलची किल्ली त्याच्याकडेच. आणि वर म्हणतो, "वाईट काय झालं? तेवीस जण प्रभूकडे आले." हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात हाच प्रसंग आहे. रात्रीची वेळ, सरोवर, आणि नावेतले शिष्य भूत भूत म्हणून ओरडतात. येशूने त्यांची भीती वापरली नाही. ताबडतोब सांगितलं, मी आहे, भिऊ नका. मुलं भ्याली की मोठ्यांनी आधी दिवा लावायचा असतो. वही त्यानंतर, आणि तीही सकाळी, पोटात चहा-पोहे गेल्यावर. दादा, हे तू वाचशीलच.

तर आयोजकांना भुताबद्दल विचारू नका. रात्री मुलं घाबरली तर तुम्ही काय करता, हे विचारा. "प्रार्थनेला बसवतो" एवढंच उत्तर आलं तर मीही दहा वेळा विचार करेन. मुलगी झोपेत चालणारी असेल तर तेही आधी सांगून ठेवा.

आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: काळजी पाण्याची करा. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. आमच्या त्या चपलांची ओळ बरोबर त्या गाळापाशी थांबली होती, कारण मुलांना तो माहीत होता. तुमच्या मुलीलाही पहिल्याच दिवशी कुणीतरी तो दाखवला पाहिजे.