मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी बंद: बेसमेंटवाल्यांसाठी माझं उत्तर

तुम्ही लिहिलंय की रात्री ॲपवर तुमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या सॉफ्टवेअर अपडेटचा मेसेज आला, तुम्ही 'हो' केलंत, आणि एक-दोन दिवसांनी सकाळी बेसमेंटमध्ये गेलात तर चावीचं बटण दाबून काहीच होईना. मोठी बॅटरी ७८ टक्के. सर्व्हिस सेंटरने बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलून दिली. पंधरवड्याने पुन्हा तेच. आता ते परत बॅटरी बदला म्हणताहेत, आणि या खेपेला खर्च तुमचा.

बदलू नका. निदान इतक्यात तरी नको. तुमच्या पोस्टमधली 'दुसऱ्या बेसमेंटमध्ये गाडी असते, तिथे फोनला रेंज नसते' ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. माझ्या मते तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आधी डिस्क्लेमर. मी ऑटो इंजिनियर नाही, माझी गाडी वेगळ्या कंपनीची आहे आणि तुमच्या गाडीत दुसराच काही दोष असू शकतो. नारिंगी केबलला (मोठ्या बॅटरीचा जबर करंट त्यातून जातो) आणि त्या केबल जिथे जातात त्या डब्यांना हात लावायचा नाही. इथे लिहिलंय ते सगळं छोट्या बॅटरीपुरतं आहे.

बारा व्होल्टशिवाय मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, जोडले जात नाहीत आणि ती भरलेली असून गाडी मेलेली, हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो. प्रश्न असा की ती छोटी बॅटरी रिकामी कोण करतंय. बॅटरी खराब निघू शकते, पण नवी बॅटरी दोन आठवड्यांत मान टाकत असेल तर संशय बॅटरीवर कशाला घ्यायचा? गाडी लॉक केल्यावर आतले सगळे मोड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर, थोड्या वेळाने झोपायला हवेत. एखादं जागं राहिलं की संपलं. माझ्या गाडीत जागं राहत होतं ते सिम कार्डवालं मोड्यूल, म्हणजे जे ॲपशी आणि कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं ते. अपडेट अर्धवट बसलेलं. 'काम झालं' एवढं सर्व्हरला कळवायचं तेवढं राहिलेलं, आणि बेसमेंटमध्ये रेंज नाही. मग ते उठायचं, नेटवर्क शोधायचं, दमून झोपायचं, परत उठायचं. रात्रभर हाच उद्योग.

हे शोधलं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी. बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हातात डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे केबल न काढता तिच्याभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर. (बाजारात मिळणारे स्वस्तातले क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी मोजतात, घेताना नीट बघून घ्या.) त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने खटकन दाबून बसवलं, म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट बंद आहे. मीटर शून्यावर आणून छोट्या बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती अडकवलं, गाडी लॉक केली आणि चावी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायला लावली. चावी खिशात ठेवून शेजारी उभं राहिलं तरी काही गाड्या झोपत नाहीत. मग आम्ही टॉर्चच्या उजेडात बसून राहिलो. अर्ध्या तासानंतर आकडा ०.०३ अँपिअरवर आला. काका म्हणाले, झोपली. मी उठणार तेवढ्यात गाडीच्या आत कुठेतरी रिलेचा टक् असा आवाज झाला आणि आकडा २.४ वर गेला. काही मिनिटांनी परत खाली. परत टक्.

हिशोब तुम्हीच करा. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, सतत २.४ अँपिअर गेले तर १९ तासांच्या आत रिकामी. मधूनमधून झोपते म्हणून दीड-दोन दिवस निघतात, एवढंच. तीच गाडी वर पोडियमवर, चांगल्या रेंजमध्ये लावली आणि तसंच मोजलं, तर एकदा झोपली ती झोपलीच.

काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून मोठ्या बॅटरीतून छोटीला भरतात. तुमची तसं करते का हे मॅन्युअलमध्ये बघा. माझी करत नाही. मीटर मात्र क्लॅम्पचंच वापरा. बॅटरीची केबल काढून मधे मल्टिमीटर जोडलात तर केबल काढल्याबरोबर मोड्यूल रीसेट होतं, दोष गायब होतो, आणि वर मीटरचा फ्यूजही जातो. आणि बॉनेट लावण्यापूर्वी आतून लिव्हर ओढून ते कुलूप मोकळं करा. नाहीतर बॉनेट वाकेल.

आता सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, उपनगरातलंच आहे. गाडी गेली की त्यांच्या मोकळ्या यार्डात उभी राहायची. तिथे रेंज फुल. मोड्यूलला सर्व्हर सापडायचा, गाडी शांत झोपायची. मग काउंटरवर ठरलेलं वाक्य: "सर, गाडी आमच्याकडे अख्खा आठवडा होती, एकदाही बंद पडली नाही. सिस्टीममध्ये कोड पण दाखवत नाही." मी म्हटलं, माझ्या बेसमेंटमध्ये येऊन बघा. तर म्हणे तशी पॉलिसी नाही. मग डॅशकॅमवर खापर. डॅशकॅम काढला, गाडी तरी मेली. मग मी गाडी कमी चालवतो यावर खापर. हेल्पलाइनवाली मुलगी बिचारी सभ्य होती, पण तिच्यासमोरच्या कागदावर लिहिलेलं की ग्राहकाला गाडीतलं एसओएस बटण दाबायला सांगा. मेलेल्या गाडीतलं! आणि ॲप सांगतं, 'कृपया वाहन नेटवर्क क्षेत्रात न्या.' ढकलत नेऊ का?

पण माझे सगळ्यात जास्त पैसे आणि महिने खाल्ले ते जॉब कार्डने, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून देतं त्या कागदाने. दर खेपेला त्यावर तक्रार अशी लिहिली जायची: 'बॅटरी लो, चार्ज करून दिली.' किंवा 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी सुरू होत नाही. तपासणीत दोष आढळला नाही.' एकाही कार्डावर बेसमेंट नाही, अपडेट नाही, रेंज नाही. मी तोंडाने सगळं सांगायचो, समोरचा मान हलवायचा आणि टाइप करायचा ते त्याच्या ड्रॉपडाउनमधलं. परिणाम असा की कंपनीच्या वरच्या ऑफिसात माझी फाइल गेली तेव्हा ती एका सलग दोषाची फाइल नव्हतीच. सुट्या सुट्या, 'सोडवलेल्या' तक्रारींची चळत होती ती. वॉरंटीच्या पानावर छोट्या बॅटरीची मुदत वेगळी आणि कमी असते, त्यामुळे 'बॅटरी लो' लिहिलं की खर्च तुमच्याकडे वळतो. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. पण काउंटरवर बसणाऱ्याला गाडी बाहेर काढायची घाई असते आणि लिहिलेलं तेच खरं धरलं जातं.

माझं आजोळ वारणेकाठचं. तिथे १९९८ साली साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रं बसवली, 'वायर्ड व्हिलेज' म्हणून तेव्हा फार गाजलं होतं. शेतकऱ्याला जगभरची माहिती वगैरे. प्रत्यक्षात लोक जायचे ते उसाची तोड कधी आणि वजन किती भरलं ते बघायला. लाइट गेली की केंद्र बंद. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं, आणि लोकांना ते आवडलं. मामाला मात्र कॉम्प्युटरचंही कौतुक नव्हतं आणि एसएमएसचंही. उसाच्या वजनकाट्याची पावती बंडीच्या खिशात, घरी आल्यावर तारेत ओवलेली. माझ्या जॉब कार्डांची चळत बघून तो म्हणाला, "पावतीवर काय लिवलंय ते काट्यावरच वाचायचं, घरी येऊन न्हाई."

तर तुम्ही तेच करा. काउंटरवर तक्रार तोंडी सांगू नका, टाइप करून न्या आणि जॉब कार्डला जोडायला लावा. ते 'सिस्टीममध्ये एवढं बसत नाही' म्हणतील. मग तिथूनच त्यांच्या अधिकृत आयडीवर मेल करा, मगच चावी द्या. मजकुरात अपडेटची तारीख, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा सॉफ्टवेअर व्हर्जन नंबर, गाडी कुठे उभी होती, तिथे रेंज होती का, आणि लॉक केल्यावर किती वेळाने किती अँपिअर. विशेषणं नकोत, राग नको. माझं काम झालं ते अशा मेलनंतरच. एक इंजिनियर लॅपटॉप घेऊन खाली बेसमेंटमध्ये आला, आमच्यासारखाच टक् ऐकत बसला, आणि त्या मोड्यूलचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. बॅटरीला हातही लावला नाही.

तुम्ही विचारलंय की 'अपडेटने अशी गाडी मरते हे ऐकलेलं नाही, मीच एकटा का?' अहो, सॉफ्टवेअरच्या घोळाने नासाचंही असंच झालंय. स्पिरिट हे यान जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलं आणि तीन आठवड्यांच्या आत गप्प झालं. फ्लॅश मेमरीत फायली इतक्या साचल्या होत्या की त्यांची यादी उघडतानाच कॉम्प्युटर कोलमडायचा. रीबूट व्हायचा, परत तीच यादी उघडायला जायचा, परत कोलमडायचा. असं ६० पेक्षा जास्त वेळा. आणि त्या नादात यान रात्री झोपायचं नाही, बॅटरी उतरत चाललेली. अगदी आपलंच दुखणं. त्यांनी काय केलं? फ्लॅशला हात न लावता सुरू हो, असा आदेश पाठवला, मग सावकाश फायली साफ केल्या. ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेलं ते यान २०१० पर्यंत बोलत होतं. कोट्यवधी किलोमीटरवरच्या पेशंटचं दुखणं तो जिथे आहे तिथेच आहे हे धरून त्यांनी शोधलं, आणि इथे बोरिवलीच्या बेसमेंटपर्यंत यायची पॉलिसी नाही. असो.

मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्याच मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. जून २००६ मध्ये पाठवलेली एक दुरुस्ती मेमरीत चुकीच्या पत्त्यावर लिहिली गेली. कुणालाच पत्ता नाही. नोव्हेंबरमध्ये सौर पॅनेल हलवताना ती चूक उगवली, यान सुरक्षित स्थितीत गेलं, पण अशा कोनात की एक बॅटरी थेट उन्हात. ती तापली. ती जास्त भरली म्हणून तापली असा सॉफ्टवेअरने अर्थ लावला आणि चार्जिंगच आवरतं घेतलं. नासाच्या चौकशीनुसार बॅटऱ्या साधारण १२ तासांत संपल्या असाव्यात. अपडेट आणि बिघाड यांत पाच महिने. म्हणून सांगतो, 'अपडेट तर केव्हाच झालं होतं' असं काउंटरवर म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

गाड्यांमध्येही आहेच. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० जुन्या मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या, कारण डॅशबोर्डच्या टचस्क्रीनमागची ८ जीबीची फ्लॅश चिप सारखं लिहून लिहून झिजत होती. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या. त्यात छोटी बॅटरी भरणाऱ्या युनिटचाच दोष होता, म्हणजे आपल्यापेक्षा वेगळा. तुमचा दोष तसला असेल तर गाडी चालू असताना छोट्या बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसणार नाहीत. ते आधी मोजा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते नाही दिसलं तर माझं हे सगळं पुराण बाजूला ठेवून गाडी थेट सर्व्हिस सेंटरला पाठवा.

तोवर गाडी वर लावता येत असेल तर लावा. सेक्रेटरी कुरकुर करेल. पाहुण्यांच्या जागेसाठी तात्पुरता अर्ज द्या, लेखी.

टोइंगचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, बेसमेंटमध्ये शिरत नाही, उंची बसत नाही. आणि छोटी बॅटरी मेलेली असली की पार्किंग लॉक सुटत नाही, चाकं जाम. आमच्याकडे आलेल्या पोराने गाडी तशीच ओढायचा बेत केला होता, वॉचमनने अडवलं म्हणून टायर वाचले. आधी बारा व्होल्टचा जंप स्टार्टर (बाहेरून करंट देणारा छोटा बॅटरी पॅक) लावून गाडी जागी करा, मग बहुतेक वेळा टोइंग लागतच नाही. तो स्टार्टर गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. चावीच्या आत लपलेली धातूची चावी असते, ती आजच काढून ड्रायव्हरच्या दाराला लावून बघा. हँडलवरच्या टोपीखाली भोक असतं, नवीन गाडीत ते घट्ट बसतं.

ग्राहक आयोगाची भाषा इतक्यात नको असं माझं मत, इतरांचं वेगळं असेल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर घ्या, तो मेलमध्ये टाका. तेवढ्याने बऱ्याचदा हालचाल होते. आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, पण तिथेही शेवटी जॉब कार्डच वाचतात.

पहिल्या दोन जॉब कार्डांचे फोटो इथे टाका, नाव, फोन आणि गाडी नंबर झाकून. त्यांनी नक्की काय लिहिलंय ते बघून तिसऱ्यावर काय लिहून घ्यायचं ते सांगतो.