पावत्या कुठे ठेवतेस?

आक्का,
आम्ही कॅथलिक. लग्नाला दहा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी आयव्हीएफनं, म्हणजे लॅबमध्ये बीज फळवून, मुलगी झाली. सासूबाई म्हणतात, हे चर्चला मान्य नाही, पोर 'काचेतली' आहे. मिस्साला प्रसाद घ्यायला उठले की त्यांची नजर पाठीत टोचते. नवरा एका शब्दानं बोलत नाही. फ्रीज केलेल्या तीन एम्ब्रियोंचं, म्हणजे तेव्हा फळलेल्या पण पोटात न ठेवलेल्या बीजांचं, बिल तेवढं दर मार्चला मी शिलाईच्या पैशातून भरते, ह्यांना उगाच ताण नको म्हणून. मी पापी आहे का? सासूबाईंना काय उत्तर देऊ?
— स., शाहूपुरी

स.,
तुझं पत्र चार पानी होतं, इथं कापून छापलंय. त्यात साडेतीन पानं सासूबाई. बिलाला एक ओळ, आणि तीही 'तेवढं' म्हणून.

सासूबाईंचं आधी उरकते. त्या निम्म्या बरोबर आहेत. व्हॅटिकननं १९८७ साली 'दोनुम विते' नावाचं शिकवणीचं पत्रक काढलं. मूल नवरा-बायकोच्या मीलनातून यावं, लॅबमधून नव्हे, हे त्यात स्पष्ट आहे. पण तिथंच असंही लिहिलंय की या वाटेनं आलेलं लेकरूसुद्धा देवाची देणगी मानून मायेनं वाढवायचं. १९७८ मध्ये जगातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा कार्डिनल लुचानींनी तिला शुभेच्छा दिल्या आणि आईबापाला दोष द्यायचं नाकारलं. महिन्याभरात तेच पोप झाले. हे सासूबाईंना ऐकव. पापाचं तुझ्या फादरांना विचार, तो अधिकार माझा नाही.

आता मार्च.

तू ते बिल का भरतेस, माहितीय? 'टाकून द्या' म्हणवत नाही, आणि 'आणूया' म्हणायचं धाडस नाही. तुझ्या चर्चच्या हिशेबात बीज फळलं त्या क्षणापासून तो जीव माणूस म्हणूनच वागवायचा. म्हणजे फेकता येत नाही, संशोधनाला देता येत नाही. व्हॅटिकनच्याच २००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या पत्रकात, दुसऱ्या कुणी ते जन्माआधीच दत्तक घ्यायचाही विचार झालाय. हेतू चांगला म्हटलंय, पण तीही वाट मोकळी नाही. शेवटी लिहिलंय की हा असा अन्याय आहे जो खरं तर निस्तरताच येत नाही. जिथं रोमनं हात टेकले, तिथं तू साड्यांना फॉल-पिको करून एकटीच उत्तर काढायला बसलीयस. कमाल आहे बाई तुझी!

आणि हे बिल काही जन्मभर भरता येणार नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यानं एम्ब्रियो जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. पुढं ते नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचे. जोडप्याच्या, स. तुझ्या एकटीच्या नव्हे. उणे १९६ अंशाला जे तिघं थांबलेत, ते त्याचेही आहेत.

नवरा बोलत नाही म्हणतेस. अगं, त्याला बोलायला तू शिल्लक काय ठेवलंस? त्याच्या लेखी ते कधीच संपलेत, की तोही रात्री छताकडं बघत तीनपर्यंत मोजतोय, तुला ठाऊक नाही. चार वर्षांत विचारलंच नाहीस. 'ताण नको' हे त्याच्यासाठी नव्हतंच. तो 'नको' म्हणेल, किंवा 'आणूया' म्हणेल, या दोन्हीची धास्ती तुला आहे. सासूबाई निदान तोंडावर बोलतात. लपवालपवी या घरात तू करतेस.

पावत्या कुठे ठेवतेस? बहुतेक मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली. आज पोर झोपली की काढ. सगळ्या, वर्षाच्या क्रमानं त्याच्यापुढं मांड. सासूबाईंचं नाव काढू नकोस, रडून प्रकरण मिटवू नकोस, आणि तो पहिला शब्द बोलेपर्यंत तू तोंड उघडू नकोस. पहाट झाली तरी.

आतल्या खोलीत सासूबाईंची मालिका चालू असतानाच बस म्हणजे झालं. आवाज बाहेर जात नाही.

— आक्का