कोकणात सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) इंटरनेट रिपीटरला (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्राला) छोटी पवनचक्की चालेल का? किती वॅटची घ्यावी?

चालेल. आणि "कोकणात वारा नुसता पावसाळ्यातच असतो" असं जो तो सांगतो ना, त्याला विचारा, सोलर आडवं कधी पडतं? पावसाळ्यातच ना? मग झालं तर.

आमचा रिपीटर देवगडकडच्या एका सड्यावर आहे, लाईन तिथवर नाही, खालच्या वाड्यांना नेट तिथूनच जातं. मेव्हणे पार्टनर, ते बसतात मुंबईला, त्यांचं एकच, सोलर पुरे, कमी पडलं तर अजून पॅनेल लावू, बॅटरी वाढवू. अहो जुलैत आठ आठ दिवस ऊन नाही, तिथे चार पॅनेल काय आणि आठ काय! बॅटरी बसली की लोकांचे फोन मला, चिखलातून सडा चढायचा मी. शेवटी भांडून पवनचक्की घेतलीच. तर विकणाऱ्याचा माणूस म्हणे केबिनच्या छपरावर बसवू, खांबाचा खर्च वाचेल. बाजूला काजूची झाडं, तिथे वारा नुसता गरगरतो. मी ऐकलं नाही, झाडांच्या बऱ्याच वर जाईल असा तारांनी ताणलेला खांबच उभा केला, वर वारा मोकळा आणि जोराचा मिळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, २ मीटर व्यासाचं चाक सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात जेमतेम १५ वॅट देतं, ६ मीटरला १२० च्या आसपास. म्हणून खांबाचे पैसे वाचवणारा माणूस पवनचक्कीचेच पैसे बुडवतो, हे मी मेव्हण्यांना आजही सांगतो. त्या पावसाळ्यापासून नेट चालू आहे, तरी ते म्हणतात पॅनेलनेच भागलं असतं. नसतं भागलं!

वॅटचं म्हणाल तर कंपनीचा छापील आकडा बघूच नका, तो साधारण सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो, वीज किती मिळणार ते चाकाच्या आकारावर, म्हणून व्यास विचारा.

हां, पॅनेल काढू मात्र नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा पडतो तेव्हा तीच लागतात. खाऱ्या हवेने नटबोल्ट, जोडण्या गंजतात, दरवर्षी उतरवून बघा. अर्थिंग आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक पाहिजेच. बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज जिरवायला डंप लोड हवा, नाहीतर चाक मोकाट सुटतं. आणि खांब बुडाशी बिजागरीचाच घ्या, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळाची सूचना आली तेव्हा आम्ही विंचने (दोर गुंडाळायच्या यंत्राने) आडवा करून बांधून ठेवला होता म्हणून पाती शाबूत राहिली. हा बिजागरीचा खर्चसुद्धा मेव्हण्यांना फालतूच वाटला होता.