एकच मजकूर अनेक पानांवर असेल तर गुगल दंड करतं का?

तुमचा प्रश्न असा: एसी दुरुस्तीच्या वेबसाइटवर दादर, मुलुंड, बोरिवली, वाशी अशी चाळीस ठिकाणांची चाळीस पानं आहेत. मजकूर एकच, फक्त ठिकाणाचं नाव बदललेलं. सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गुगलचं साधन) त्यातली बरीचशी 'डुप्लिकेट' म्हणून वगळलेली दाखवतंय. हा दंड आहे का, आणि पानं परत कशी आणायची?

दंड नाही. एकसारखी पानं सापडली की गुगल त्यांचा गट करतं, त्यातलं एक निवडतं आणि शोधात शक्यतो तेवढंच दाखवतं. बाकीची पानं त्याला माहीत असतात, फक्त दिसत नाहीत. मेनू, तळपट्टी वगैरे बाजूला सारून मुख्य मजकुराचा आकड्यांच्या रूपातला ठसा काढला जातो आणि ठशांची तुलना होते. गुगलच्या संशोधकांच्या २००७ सालच्या एका निबंधात ८ अब्ज पानांसाठी ६४ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या ६४ अंकांचा, ठसा वापरलाय. दोन ठशांत ३ बिटांपर्यंत फरक असला तरी पानं जवळपास सारखीच धरलीत. 'दादर'च्या जागी 'मुलुंड' घातल्याने पान वेगळं का ठरत नाही, ते यावरून कळेल. समानार्थी शब्द पेरण्यातही वेळ घालवू नका. गिऱ्हाइकाला त्यातून नवीन काहीच मिळत नाही.

आधी पत्ते साफ करा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, शेवटी तिरकी रेघ असलेला आणि नसलेला, जाहिरातीच्या लिंकमधली यूटीएमची शेपटी (गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं म्हणून जोडलेली अक्षरं) लागलेला: गुगलच्या लेखी हे सगळे वेगवेगळे पत्ते आहेत. पत्त्यात डोमेनच्या पुढच्या भागातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरंसुद्धा वेगळी धरली जातात. एक रूप ठरवा, बाकीची ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून, आपोआप त्यावर वळवा. यूटीएमचे पत्ते वळवू नका, तिथे कॅनॉनिकल टॅग, म्हणजे या पानाचा मुख्य पत्ता कोणता ते गुगलला सांगणारी कोडमधली ओळ, पुरतो. साइटमॅपमध्ये (गुगलला दिलेल्या पानांच्या यादीत) आणि आतल्या लिंकांमध्येही तेच एक रूप हवं. कॅनॉनिकल टॅग २००९ पासून आहे, पण तो हुकूम नव्हे, सूचना आहे. टॅग एक पत्ता सांगतोय आणि मेनूतल्या लिंका दुसरा, असं असेल तर गुगल स्वतःच्या मताने निवडतं.

टॅगच्या बाबतीत हमखास बिघडतं ते असं. थीम किंवा प्लगइन प्रत्येक पानावर मुख्यपृष्ठाचाच कॅनॉनिकल टाकतं. किंवा टॅग पानाच्या कोडमधल्या हेड या वरच्या भागाऐवजी बॉडीत जाऊन पडतो, आणि तिथला टॅग गुगल मानत नाही. आणि एकसारखी पानं रोबोट्स फाइलमधून (कोणती पानं वाचायची नाहीत ते गुगलला सांगणारी फाइल) अडवू नका: पान वाचताच आलं नाही तर त्यावरचा कॅनॉनिकल गुगलला दिसणार कसा?

आता तुमची चाळीस पानं. मला काळजी वाटते ती यांची. अनेक गावांसाठी जवळपास सारखी पानं काढून सगळ्यांना एकाच ठिकाणी पोचवायचं, याला गुगलच्या स्पॅमविषयक नियमांत डोरवे पानं म्हणतात, आणि तिथे खरोखर कारवाई होऊ शकते. सर्च कन्सोलमधला मॅन्युअल ॲक्शन्सचा विभाग आजच उघडून बघा, अशी कारवाई झाली असेल तर तिथे दिसते.

माझ्या मते चाळीसची पाच-सहा करा. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतचे आकडे मिळतात. कोणत्या पानांना क्लिक येतात ते पाहून ती ठेवा. बाकीची जवळच्या विभागाच्या पानावर ३०१ ने वळवा, म्हणजे कांदिवली बोरिवलीकडे, भांडुप मुलुंडकडे. सरसकट मुख्यपृष्ठावर वळवलीत तर गुगल ती हरवलेली पानं समजू शकतं. रिडायरेक्ट किमान वर्षभर काढू नका.

उरलेल्या पानांवर त्या भागापुरतं खरं असलेलं लिहा. वरळी-वर्सोव्याला खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते. ती कधी धुवायची, कधी बदलायची, खर्च किती, हे सांगा. गिरगावातल्या जुन्या इमारतींत ब्रॅकेट कोणत्या भिंतीवर बसतो, टॉवरमध्ये बाहेर लटकून काम करायचं तर सोसायटीची काय परवानगी लागते, तुमचा माणूस त्या भागात किती वेळात पोचतो, हेही येऊ द्या. एखाद्या ठिकाणाबद्दल असं काहीच सांगण्यासारखं नसेल, तर त्याचं वेगळं पान नको. 'आम्ही इथेही येतो' अशी एक ओळ बास.

मराठी आवृत्ती काढायचा विचार असेल तर बिनधास्त काढा. अनुवाद नक्कल धरला जात नाही, मात्र नुसता मेनू मराठी आणि आत इंग्रजीच, असं असेल तर धरला जातो. मराठी पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे ठेवा, इंग्रजीकडे नको, आणि दोन्ही पानांवर एकमेकांचे एचरेफलँग टॅग (दुसऱ्या भाषेतलं पान कुठे आहे ते सांगणारे) घाला.

बदल झाल्यावर प्रत्येक ठेवलेलं पान सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत टाका. तिथे तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल आणि गुगलने निवडलेला, असे दोन्ही दिसतात. ते जुळायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोवर पुन्हा पत्ते बदलू नका.