सौंदर्यशस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

नाक, पोट, ओठ आणि पापण्या यांच्याविषयीची पत्रे या सदराकडे पूर्वी क्वचितच येत. आता ती प्रत्येक अंकाच्या टपालात असतातच. त्यांतील चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, कॉस्मेटिक सर्जरी ही पडद्यावरच्या मंडळींची गोष्ट, असे आम्ही समजत होतो. आता ओळखीतल्या, बेताचे उत्पन्न असलेल्या माणसांनीही ती करून घेतल्याचे कानावर येते. हे एवढे सर्रास कसे झाले?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. ‘आयसॅप्स’ या सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जगभरात अशा सुमारे ३ कोटी ८० लाख प्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्रक्रियांना शस्त्रक्रिया म्हणताच येणार नाही. त्यांत बोटॉक्स (स्नायू सैल करून सुरकुत्या घालवणारे औषध) आणि फिलर (ओठ, गाल यांना भरीवपणा देणारे द्रव्य) यांच्या इंजेक्शनांचा वाटा सर्वांत मोठा होता. सामान्य माणूस या वाटेला लागला तो मुख्यतः इथूनच. १९८०च्या दशकात चरबीच्या थरात सलाइन, जागा बधिर करणारे औषध आणि ॲड्रेनालिन यांचे मिश्रण भरून लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे) करण्याची पद्धत रूढ होऊ लागली, त्यामुळे रक्तस्राव घटला आणि पूर्ण भूल न देताही हे काम होऊ लागले. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सला मान्यता दिली. रजा न घेता, अर्ध्या तासात उरकणारी आणि हप्त्यांनी पैसे भरता येणारी गोष्ट मनावर घ्यायला फार धाडस लागत नाही. त्यात व्हिडिओ कॉलमुळे बोलताना स्वतःचाच चेहरा तासन्‌तास समोर दिसू लागला.

या वाढीत मला अधःपात वगैरे काही दिसत नाही. आपण कसे दिसतो याचे माणसाला वाटते, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मला चिंता वाटते ती लपवाछपवीची. अपेंडिक्सच्या ऑपरेशनाआधी घरातली चार माणसे डॉक्टरांना जे प्रश्न विचारतात, ते इथे कोणीच विचारत नाही, कारण रुग्ण गुपचूप आणि एकटा आलेला असतो.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी नाकाची शस्त्रक्रिया करायची म्हणून हटून बसली आहे. मला तिचे नाक चांगलेच दिसते. तिला कसे परावृत्त करावे?
– एक आई

उत्तर : ताई, परावृत्त करण्याच्या आधी तिला नेमके काय खुपते ते ऐकून घ्या. ‘तुझे नाक चांगले आहे’ हे आईचे वाक्य खरे असले तरी त्याने मुलीचे बोलणे तिथेच थांबते, आणि पुढची चौकशी ती तुमच्या नकळत करू लागते.

वयाची अडचण नाही. मुलींच्या नाकाची वाढ साधारणपणे पंधरा-सोळाव्या वर्षी पूर्ण होते. पहिला प्रश्न असा की ती आपले नाक कशात पाहते. हातभर अंतरावरून किंवा त्याहूनही जवळून काढलेल्या सेल्फीत भिंगाच्या सर्वांत जवळ असते ते नाकच, म्हणून ते उरलेल्या चेहऱ्याच्या मानाने मोठे उमटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या छायाचित्रापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दिसत असल्याचे गणिताने दाखवून दिले आहे. माझ्याकडे येणारी मुले-मुली फोन पुढे करतात, तेव्हा मी तो बाजूला ठेवून दीड मीटरवरून समोरचे आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढतो आणि ते त्यांच्या हाती देतो. काहींचा आग्रह तिथेच सैल पडतो. काही जण मात्र बाजूच्या छायाचित्रातील नाकाच्या दांड्यावरच्या उंचवट्यावर बोट ठेवून ‘हेच’ म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. तक्रार जितकी नेमकी आणि जितकी जुनी, तितका शस्त्रक्रियेनंतर समाधानाचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. इतरांना न दिसणाऱ्या किंवा अगदी किरकोळ व्यंगाचा ध्यास लागणे, दिवसातले कित्येक तास आरशासमोर जाणे, किंवा उलट आरसा आणि माणसे दोन्ही टाळणे, हा एक मानसिक विकार आहे. शंभरांतील सुमारे दोघांना तो असतो, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत त्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. अशा रुग्णाचे नाक कितीही सुबक केले तरी ध्यास बहुधा सुटत नाही, तो हनुवटीवर किंवा त्वचेवर सरकतो. समुपदेशनाने आणि औषधांनी मात्र तो पुष्कळ आटोक्यात येतो. तुमची मुलगी कॉलेज, मैत्रिणी, समारंभ टाळू लागली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या. हे तिच्यावर खापर फोडण्यासाठी सांगत नाही. तिचे दुःख खरे आहे, म्हणूनच त्यावर योग्य जागी उपचार व्हायला हवेत.

यांपैकी काही नसेल आणि सहा महिन्यांनंतरही तिचे म्हणणे कायम असेल, तर तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. शल्यचिकित्सकाने प्लास्टिक सर्जरीचे किंवा नाक-कान-घसा शास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण घेतले आहे का आणि नाकाच्या शस्त्रक्रिया तो नियमित करतो का, याची खात्री करून घ्या. नाक केवळ दिसण्यासाठी नसून श्वासासाठी आहे, त्यामुळे आतील पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकते, आणि शंभरांतील साधारण पाच ते पंधरा जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. हा आकडा तिने तुमच्यासमोर ऐकावा. संगणकावर ‘नंतरचे’ नाक दाखवले जाते ते केवळ उद्दिष्ट असते. त्याला हमी समजू नये.

प्रश्न : माझे वय ४६, वजन ९८ किलो, मधुमेह आहे. लायपोसक्शन केल्यास वजन आणि साखर दोन्ही कमी होतील काय?
– एक वाचक

उत्तर : नाही. लायपोसक्शनने त्वचेखालची चरबी निघते. आतड्यांभोवतीची, मधुमेहाशी अधिक संबंध असलेली चरबी जागच्या जागी राहते. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची कित्येक किलो चरबी काढूनही इन्सुलिनच्या परिणामात सुधारणा आढळली नव्हती. आपण मधुमेहतज्ज्ञांकडे जावे. आणि लायपोसक्शन करायला कधी गेलातच, तर मधुमेहाची गोष्ट लपवू नका.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. ब्युटी पार्लरमध्ये ओठांना फिलर करून देणाऱ्या एक बाई येतात. घरी कोणाला सांगणार नाही, कारण थट्टा होईल. साधे इंजेक्शनच आहे, तर काळजीचे कारण आहे का?
– एक वाचक

उत्तर : आहे, आणि म्हणूनच या पत्राचे उत्तर मी टाळले नाही. ओठांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. फिलर चुकून धमनीत शिरले तर तिच्यावर अवलंबून असलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो: आधी जागा पांढरी पडते, मग जाळीसारखे निळसर डाग उमटतात, आणि बहुधा ठणका वाढत जातो. क्वचित, विशेषतः नाक आणि कपाळ या भागांतील इंजेक्शनाने, डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असेल तर हायल्युरॉनिडेज हे औषध टोचून ते विरघळवता येते, पण हा उपाय काही तासांत व्हावा लागतो. द्रवरूप सिलिकॉनसारखे कायमचे द्रव्य भरले असेल तर विरघळवणारे औषधच नाही.

माझ्याकडे एक रुग्ण आल्या होत्या. त्यांचा वरचा ओठ रात्री पांढरा पडला होता आणि दुखणे असह्य होते. फोन केला तर घरचे जागे होतील, म्हणून त्या सकाळपर्यंत थांबल्या. ओठाच्या कडेचा तुकडा काळा पडून गळाला, आणि व्रण राहिला. उपचार अवघड नव्हता. वेळ निघून गेली होती. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. थट्टेच्या धाकाने त्यांना गप्प बसवणाऱ्यांचा यात मोठा वाटा आहे.

पार्लरमधील त्या बाई डॉक्टर आहेत का आणि हायल्युरॉनिडेज त्यांच्या हाताशी असते का, हे दोन प्रश्न थेट विचारा. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर तिथे इंजेक्शन घेऊ नका. फिलर करायचेच असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडे करा. सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर उघडायला सांगा आणि त्यावरचा उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक असलेला स्टिकर जपून ठेवा. पूर्वी ओठांवर नागीण (हर्पिसच्या पुटकुळ्या) उठत असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. घरात सांगवत नसेल तर निदान एका मैत्रिणीला सांगा, आणि डॉक्टरांचा रात्री उचलला जाणारा फोन क्रमांक तिच्याकडेही देऊन ठेवा.