कोळशाच्या वीजकेंद्रातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो हे कसं मोजतात? चिमणीत मीटर असतो का?

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांच्या चिमणीत असतो. वायूतलं प्रमाण आणि वायूचा वेग, दोन्ही सतत नोंदवले जातात. आपल्याकडे हिशोब मुख्यतः जाळलेल्या कोळशावरून होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडेही तसेच निघतात.

12 किलो कार्बन पूर्ण जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे 3.67 पट. (वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) समजा एका युनिटला 0.7 किलो कोळसा लागला आणि त्यात 38 टक्के कार्बन आहे: 0.7 × 0.38 × 3.67, म्हणजे साधारण 0.98 किलो. युनिटमागे जवळपास किलोभर!

गणित सोपं आहे, खरी गोम नमुन्यात. पट्ट्यावरून हजारो टन कोळसा जातो, आणि प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये (कोळशाची उष्णता मोजायच्या बंद भांड्यात) जळते ती जेमतेम ग्रॅमभर पूड. त्यात पावसाळ्यात भिजलेला कोळसा काट्यावर जास्त भरतो; ओलावा वजा केला नाही तर आकडा फुगलाच. राखेत न जळता उरलेला कार्बनही वजा करावा लागतो. मला विचाराल तर कोणताही आकडा बघताना आधी नमुना कसा घेतला ते विचारा.